अरेसदृशतेची चाचणी

अरेसदृशतेची चाचणी : प्रोग्रामच्या हाती आलेले मूल्य बहुमितीय अरेसारखे वागेल की नाही, हे आकडेमोड सुरू करण्याआधी ठरवण्याची पद्धत. पायथॉन भाषेत हा प्रश्न मुख्यतः नम्पाय या लायब्ररीभोवती उभा राहिला.

नम्पायचा मूळ प्रकार एनडीअरे. मूल्य त्या प्रकाराचे आहे का, एवढेच पायथॉनच्या ‘इझइन्स्टन्स’ या फंक्शनने विचारणे सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे. ग्राफिक्स कार्डावर विदा ठेवणारा क्युपायचा अरे किंवा तुकड्यातुकड्यांनी हिशेब करणारा डास्कचा अरे एनडीअरेच्या वंशातला नाही, म्हणून कामाचा असूनही बाद होतो. उलट नम्पायचाच जुना मॅट्रिक्स प्रकार वंशाच्या जोरावर पास होतो. त्याची पहिली ओळ मागितली तरी तो एकमितीय अरे देत नाही, पुन्हा द्विमितीय मॅट्रिक्सच देतो. गुणाकाराच्या चिन्हाचा अर्थही तो वेगळा लावतो.

म्हणून वंशाऐवजी गुण पाहिले जातात; याला डक टायपिंग म्हणतात. शेप (आकार), एनडिम (मितींची संख्या) आणि डीटाइप (घटकांचा प्रकार) हे तीन गुणधर्म आहेत का, ही पहिली चाळणी. पायथॉनची साधी लिस्ट तिथे अडते. नम्पायची सुटी संख्या मात्र निसटते, कारण तिलाही शेप असतो, रिकामा का होईना. एक्सअरे ही लायब्ररी आणखी दोन मेथडही पाहते : नम्पाय 1.13 मध्ये आलेली ‘अरे-युफंक’ आणि 1.17 पासून आपोआप लागू झालेली ‘अरे-फंक्शन’. नम्पायच्या फंक्शनला परकी वस्तू दिली, तर काम त्या वस्तूकडे सोपवण्याची सोय या मेथडमुळे होते. तरी नुसती नावे तपासण्यात भोक उरतेच. मूल्याऐवजी चुकून एनडीअरे हा क्लासच दिला, तर ही सगळी नावे त्याच्यावरही सापडतात.

चाचणी टाळून नम्पायच्या ‘एएसअरे’ने सरसकट रूपांतर करणे लिस्टपुरते ठीक. डास्कच्या बाबतीत त्याने सगळा लांबणीवर टाकलेला हिशेब तिथल्या तिथे होऊन निकाल मेमरीत येतो. क्युपाय सरळ टाइपएरर देतो.

2020 मध्ये सुरू झालेल्या अरे लायब्ररींच्या प्रमाणीकरणातून अरे एपीआय मानकाची 2021.12 ही पहिली आवृत्ती निघाली. 2024 च्या नम्पाय 2.0 ने ते मुख्य लायब्ररीत आणले. त्यातली ‘अरे-नेमस्पेस’ ही मेथड त्या मूल्यासाठी कोणत्या लायब्ररीची फंक्शने वापरायची तेच सांगते. मात्र ही मेथड असल्यामुळे चाचणीत पास होणाऱ्या जॅक्स या लायब्ररीच्या अरेमध्ये एखादा घटक जागीच बदलायला गेल्यास एररच येतो.