अंमल, प्राशन आणि मात्रा : मद्यपी चालकाविषयीच्या कायद्याचा एक मागोवा

मद्य घेऊन वाहन चालविणाऱ्या मनुष्याचा उल्लेख मराठीत साधारणतः तीन प्रकारांनी होतो. तो ‘मद्याच्या अंमलाखाली’ होता, असे एक म्हणतो. त्याने ‘मद्यप्राशन’ केले होते, असे दुसरा म्हणतो. आणि त्याच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण अमुक इतके आढळले, असे तिसरा नमूद करतो. ही तिन्ही विधाने बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती भिन्न आहेत, आणि ह्या प्रांताच्या इतिहासात त्यांतील प्रत्येकाचा एकेक कालखंड होऊन गेला आहे. ह्या तीन शब्दांच्या आधाराने मद्यपी चालकाविषयीच्या कायद्याचा मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘अंमल’ ह्या शब्दाविषयी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘कर्म’ अथवा ‘कृती’ असा आहे. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला तेव्हा त्याला दोन अर्थ चिकटलेले होते : एक राज्याधिकाराचा, दुसरा नशेचा. पेशव्यांचा अंमल आणि अफूचा अंमल हे दोन्ही प्रयोग मराठीत सारख्याच सहजतेने होतात. ‘अंमलदार’ आणि ‘अंमली’ हे शब्दही त्याच मुळापासून निघाले. मद्य मनुष्यावर सत्ता चालविते आणि त्याची स्वतःची सत्ता तेवढ्यापुरती संपते, ही कल्पना त्यात आहे. इंग्रजी कायद्यातील ‘प्रभावाखाली’ ह्या अर्थाच्या शब्दप्रयोगाला प्रतिशब्द शोधताना भाषांतरकारांना ‘अंमलाखाली’ हा शब्द आयता मिळाला, आणि माझ्या मते तो मुळापेक्षाही अधिक अर्थवाही आहे.

आता ह्या कल्पनेला कायद्यात कोठे व कसे स्थान मिळाले ते पाहू. मोटारीपासून आरंभ करणे स्वाभाविक वाटेल. परंतु आपल्याकडे तो आगगाडीपासून करावा लागतो, आणि त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीचे उदाहरण सोयीचे आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६० पर्यंत सोलापुरास पोहोचला, तेव्हा कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ असे होते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीची गाडी येथून बार्शीस जाऊ लागली. पुढे तिचे फाटे पंढरपूर, लातूर आणि शेवटी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेले. ह्या गावात ‘चालक’ म्हणजे आगगाडीचा ड्रायव्हर, हाच अर्थ दीर्घकाळ रूढ असणे क्रमप्राप्त होते.

ह्या चालकाला लागू असलेला नियम १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या कलम १०० मध्ये होता. कामावर असताना नशेच्या अवस्थेत आढळणाऱ्या रेल्वे नोकरास पन्नास रुपयांपर्यंत दंड. परंतु त्याचे काम नीट न झाल्यास प्रवाशांच्या जीवितास धोका पोचण्यासारखा असेल, तर एक वर्षापर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही. म्हणजे तिकिटे देणारा कारकून आणि गाडीचे सांधे बदलणारा सांधेवाला ह्या दोघांनी सारखीच दारू घेतली, तरी त्यांचा अपराध सारखा नाही. शिक्षा पिण्याबद्दल नाही. हातातील कामाच्या जोखमीबद्दल आहे. हे तत्त्व समजून घेण्यासाठी १८६० च्या दंडसंहितेतील कलम ५१० शेजारी ठेवून पाहावे. सार्वजनिक ठिकाणी नशेत उपद्रव देणाऱ्यास तेथे चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड, किंवा दोन्ही, एवढेच शासन होते. चोवीस तासांपासून एक वर्षापर्यंतचे हे अंतर यंत्राने निर्माण केले.

इंग्लंडातील क्रम निराळा दिसतो. तेथील १८७२ च्या परवाना कायद्यात रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना नशेत असणे हा एकच अपराध मानला होता, आणि शिक्षा चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद अशी होती. मोटारगाडी नशेत चालविल्याबद्दल लंडनमधील एका टॅक्सीचालकाला पहिला दंड झाला तो सप्टेंबर १८९७ मध्ये, म्हणजे कुर्डुवाडीहून बार्शीची गाडी सुटू लागली त्याच वर्षी. तेथे घोडागाडीचा नियम मोटारीस लागू झाला. आपल्याकडे बैलगाडीसाठी असा विशेष नियमच नव्हता, आजही नाही. उसाच्या हंगामात माढे तालुक्यातील साखर कारखान्यांकडे जाणारा गाडीवान झिंगलेला असेल, तर त्यास बेदरकारपणे वाहन हाकण्याच्या सर्वसाधारण कलमाखालीच आणावे लागते. त्याच रांगेतील ट्रॅक्टरवाला मात्र मोटार वाहन कायद्यात सापडतो.

रस्त्यावरील मोटारीकरिता ‘अंमल’ हा शब्द नेमकेपणाने आला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतका चालक मद्याच्या किंवा अंमली द्रव्याच्या अंमलाखाली असला पाहिजे, अशी ती व्याख्या होती. येथेही पिणे हा अपराध नाही. ‘इतका’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर होता. सिद्ध करावयाचा कशाने? डोळे, चाल आणि वाचा ह्यांनी.

दहाच वर्षांनी मुंबई राज्यात दुसऱ्या शब्दाचा कालखंड सुरू झाला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. आता अंमल किती हा प्रश्न पोलिसांच्या लेखी गौण झाला; प्राशन झाले एवढे पुरे. मद्यपी चालकावर १९३९ च्या कायद्याखाली ताबा सुटल्याचे सिद्ध करीत बसण्यापेक्षा दारूबंदीच्या कलम ६६ खाली तोंडाचा वास सिद्ध करणे सोपे होते. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनावर ह्याचा एक विचित्र परिणाम संभवत होता. लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे गाडी त्या बाजूस सीमा ओलांडून जाताच मुंबईच्या दारूबंदी कायद्याचा अंमल संपे. केंद्राचा रेल्वे कायदा मात्र दोन्ही बाजूंना एकच होता. ड्रायव्हरच्या ‘अवस्थे’ची कसोटी सीमेमुळे बदलत नव्हती, ‘प्राशना’ची बदलत होती.

प्राशनाची ही कसोटी किती ठिसूळ आहे हे लवकरच उघड झाले, आणि तेही ज्याच्यावर मोटारींचे नियमन सोपविलेले होते अशा अधिकाऱ्याच्या बाबतीत. २९ मे १९५१ रोजी मुंबईत कुलाब्याच्या दिशेने जाणाऱ्या एका जीपखाली तीन माणसे सापडून जखमी झाली. जीप चालविणारे गृहस्थ मुंबई विभागाचे स्थानापन्न प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. डॉक्टरांनी तपासले तेव्हा तोंडास मद्याचा वास होता, डोळे लाल होते. परंतु त्यांचे बोलणे सुसंगत होते आणि ते सरळ रेषेत चालू शकत होते. ते मद्याच्या अंमलाखाली नाहीत, असे डॉक्टरांचे मत पडले. आपण मद्यार्कयुक्त शक्तिवर्धक औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. ह्या बचावाला आधार होता, कारण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने ह्यांच्यापुरता दारूबंदी कायद्याचा काही भाग घटनाबाह्य ठरविला होता. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली एक महिना सक्तमजुरी व पाचशे रुपये दंड दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती शिक्षा रद्द केली. घेतलेले द्रव्य बंदी असलेले मद्यच होते हे फिर्यादी पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

ह्या खटल्यात तीन माणसे जीपखाली सापडली ही गोष्ट हळूहळू बाजूस पडून बाटलीत काय होते हाच वादाचा विषय झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दारूबंदीने मद्यपी चालकाला अधिक कडक शासन झाले असा जो समज आहे, तो मला पटत नाही. तिने वाहनाचा प्रश्न पेल्याच्या प्रश्नात विरघळवून टाकला.

तथापि दारूबंदीच्याच पोटी तिसरा शब्द जन्मास आला, हेही तितकेच खरे. वरील निर्णयानंतर १९५९ मध्ये मुंबई विधिमंडळाने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळल्यास ते औषधातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचा नमुना ह्यांसाठी कलम १२९ अ व १२९ ब ही नवी कलमे घालण्यात आली. नॉर्वेने १९३६ मध्ये चालकांसाठी हीच मर्यादा घातली होती. ब्रिटनने १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमची मर्यादा स्वीकारली ती १९६७ मध्ये. म्हणजे रक्तातील मात्रेचा आकडा मुंबई राज्याच्या कायद्यात ब्रिटनच्या आठ वर्षे आधी आला. फक्त तो चालकाकरिता नव्हता, पिणाऱ्याकरिता होता. ह्या नव्या साधनाचा विस्तार करण्याचे काम न्यायालयांनी केले. महाराष्ट्रातील एका मोटार अपघाताच्या प्रकरणात, कलम १२९ अ मधील पद्धतीखेरीज अन्य रीतीने घेतलेल्या रक्ताचा अहवालही पुराव्यात ग्राह्य धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरविले.

मात्रेची गरज का भासली हे समजण्यास १९७१ चा आणखी एक निर्णय उपयोगी आहे. तोही महाराष्ट्रातील मोटारचालकाचाच. तोंडास मद्याचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे ही सर्व लक्षणे डॉक्टरांनी नोंदविली होती. परंतु रक्ताची वा लघवीची तपासणी झाली नव्हती. केवळ ह्या लक्षणांवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९५१ च्या चालकाचे बोलणे सुसंगत होते, तरी त्याला उच्च न्यायालयात शिक्षा झाली. ह्याचे बोलणे असंबद्ध होते, तरी ते पुराव्यास अपुरे पडले. साक्षीदार म्हणून वाचेवरचा विश्वास ह्या वीस वर्षांत उडाला होता.

भाषाभ्यासकास हे योग्यच वाटेल. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हॅल्डीज’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले, तेव्हा कप्तानाच्या रेडिओवरील संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास अमेरिकेतील ध्वनिवैज्ञानिकांनी केला. बोलण्याची गती मंदावणे आणि ‘स’चा उच्चार ‘श’कडे झुकणे, अशी नशेची चिन्हे त्यांना त्यात आढळली. कप्तान मात्र नशेच्या आरोपातून निर्दोष सुटला. हीच कसोटी आपल्याकडे लावावयाची झाली तर? ‘श’ आणि ‘स’ ह्यांतील भेद ग्रामीण मराठीत अनेकदा पाळला जात नाही. सोलापूर जिल्ह्यात तर मराठीच्या शेजारी कानडी, तेलुगू आणि दखनी नांदतात. ज्याची नेहमीची बोली डॉक्टरांच्या कानाला अपरिचित आहे, त्याची वाचा ‘अस्पष्ट’ आहे हे ठरविताना तुलना कशाशी करावयाची? आणि प्रमाण भाषेत सफाईने बोलणारा सुशिक्षित मनुष्य दोन पेले अधिक घेऊनही ह्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचा संभव अधिक. ह्या दृष्टीने रक्ताचा आकडा अधिक न्याय्य होय. तो जात, शिक्षण वा बोली पाहत नाही.

पुढील हकिगत थोडक्यात सांगता येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने प्रथम रक्तात मद्यार्क कितीही अल्प प्रमाणात असला तरी अपराध मानला. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक, ही मर्यादा घालून श्वासपरीक्षक यंत्राची चाचणी त्यास जोडली. शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा अपराध केल्यास दोन वर्षे किंवा ३,००० रुपये, अथवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा १०,००० व १५,००० रुपये झाल्या. कैदेची मुदत बदलली नाही.

रेल्वेकडे मात्र कायद्याची भाषा जवळपास स्थिर राहिली. बार्शी लाईट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली, अरुंद मार्ग ह्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंद झाला. परंतु १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १७२ वाचताना १८९० चेच कलम पुन्हा वाचल्यासारखे वाटते. पन्नास रुपयांचे पाचशे झाले, एक वर्षाची कैद एक वर्षच राहिली, आणि ‘नशेची अवस्था’ म्हणजे किती मात्रा, हे कलमात सांगितलेले नाही. बदल घडला तो नियमांत. १९७६ च्या सर्वसाधारण नियमांनी कामावर येण्यापूर्वीच्या आठ तासांत मद्य घेण्यास मनाई केली. पूर्वी कॉलबॉय ड्रायव्हरला घरी जाऊन उठवीत असे, आणि तो शुद्धीवर आहे की नाही हे प्रथम त्यालाच कळत असे. आता लॉबीत हजेरी देताना श्वासपरीक्षक यंत्रात फुंकर घालावी लागते.

असे असले तरी पहिला शब्द कायद्यातून गेलेला नाही. कलम १८५ चे दोन भाग आहेत. मद्याकरिता आकडा आहे. गांजा, अफू इत्यादी द्रव्यांकरिता मात्र वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतका अंमल, ही १९३९ ची व्याख्या जशीच्या तशी ठेवलेली आहे. त्यामुळे ३० मिलिग्रॅमची रेषा ओलांडणारा चालक यंत्राच्या साक्षीने दोषी ठरतो, आणि अंमली द्रव्य घेतलेल्या चालकाच्या रक्तात ते द्रव्य सापडले, तरी त्याचा ताबा सुटला होता हे दाखविण्यासाठी न्यायालयाला पुन्हा त्याचे डोळे, त्याची चाल आणि त्याची वाचा ह्यांच्याकडेच वळावे लागते.