घराचा भाव पैशात, गिऱ्हाईक जातीत

घर विकायला काढले की जास्त भाव देणाऱ्याला ते मिळते, असे बाजार सांगतो. आमचा इतिहास वेगळे सांगतो. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब रोजचे भाडे भरत होते; तरीही जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना पारशी सरायीतून बाहेर काढले.

अमेरिकेतही पैसा पुरला नाही. १९४५ साली सेंट लुईसमध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने घर विकत घेतले. विकणारा राजी होता. पण तिथल्या मालकांनी १९११ सालीच करार केला होता : काळ्यांना घर द्यायचे नाही. शेजारी कोर्टात गेले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, असा करार कोर्टाने अमलात आणणे म्हणजे सरकारनेच भेदभाव करणे.

आपल्याकडे? अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीतल्या एका सभासदाला आपली मालमत्ता समाजाबाहेर विकण्याची मोकळीक हवी होती. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'सभासद फक्त पारशी' हा पोटनियम वैध ठरवला. आधार कोणता, तर संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य!

आमचा वाद पारशांशी नाही. पण हाच दाखला उद्या कोणतीही सवर्ण सोसायटी पुढे करू शकते. मग आमच्या तरुणाने बाजारभावापेक्षा दोन लाख जास्त देऊ केले तरी आधी आडनाव विचारले जाईल. म्हणून आम्ही म्हणतो, घराच्या खरेदी-विक्रीतला जातिभेद हा कायद्याने गुन्हा ठरलाच पाहिजे.

जय भीम!