वाँटेजच्या मठातली मराठी पंडिता

आपल्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत 'शिक्षणासाठी समुद्र ओलांडणारी पहिली मराठी स्त्री कोण?' असे विचारले, तर बहुतेक हात आनंदीबाई जोशींच्या नावासाठी वर होतील. ते योग्यच आहे. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. पण त्याच एप्रिल महिन्यात मुंबईहून आणखी एक मराठी बाई बोटीत बसल्या होत्या. त्या निघाल्या होत्या आपल्या या इंग्लंडला. वय पंचवीस, कडेवर दोन वर्षांची मुलगी आणि सोबतीला आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या पिढीला रमाबाई केडगावच्या 'मुक्ती' संस्थेमुळे थोड्याफार माहीत असतात. त्यांनी धर्म बदलला, एवढेही माहीत असते आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण गेली काही वर्षे त्यांची पत्रे वाचताना मला सारखे वाटत आले आहे, की ही बाई इथे ज्या दिवसांतून गेली आणि ज्या श्रद्धेच्या आधारावर तगली, ती हकिकत आपल्या घराघरांत सांगायला हवी.

आधीचे आयुष्य

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने मुलीला. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर पायी फिरले. पुढे दुष्काळ आला. त्यात आईवडील गेले, पाठोपाठ मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचे पाठांतर आणि व्युत्पत्ती पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच या बाईने किती चिता पाहिल्या, ते मोजून पाहावे!

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हवेत, असे ठासून सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या भाड्याची सोय केली. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन सिस्टर्सचा मूळ मठ वाँटेज या गावी होता. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात मठाने त्यांची राहण्याची सोय करायची, असे ठरले.

१८८३ चा उन्हाळा

वाँटेज तेव्हा बर्कशायरमध्ये होते, आता ऑक्सफर्डशायरमध्ये आहे. मुलीला ऑक्सफर्डला सोडून परत येताना मी एकदा मुद्दाम तिथे थांबलो होतो. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे. तो १८७७ मध्ये उभारला, म्हणजे रमाबाईंनी तो नक्की पाहिला असणार. नऊवारीतली पंडिता त्या चौकातून चालली असेल तेव्हा गावकरी काय म्हणाले असतील, असा विचार मनात आला.

इथे पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत घाव बसला. आपल्याला बळजबरीने बाटवतील, या भीतीने बरोबरच्या आनंदीबाई भगत यांना ग्रासले आणि त्यांनी आपला जीव घेतला. प्राध्यापक मॅक्स म्युलर यांनी पुढे आपल्या आठवणींत ही भयंकर गोष्ट लिहून ठेवली आहे. रमाबाई हादरून गेल्या होत्या. परक्या देशात आपली भाषा बोलणारे एकमेव मोठे माणूस असे गेले होते. उरली ती दोन वर्षांची मनोरमा.

या घटनेनंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या बाईने घेतलेला तो निर्णय होता, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. त्यांची स्वतःची हकिकत निराळी आहे. लंडनमध्ये फुलहॅमला सिस्टर्सचे काम त्यांनी पाहिले होते. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जाई. 'पतित' ठरलेल्या बाईला पुन्हा माणसात आणणारा धर्म कोणता, असा प्रश्न त्यांना पडला आणि शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणारा येशू त्यांना उत्तर म्हणून सापडला. नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या भारतातून आलेल्या लिखाणाने त्यांच्या बुद्धीच्या शंकाही बऱ्याच फिटल्या.

महाराष्ट्रात मात्र गहजब झाला. काल 'सरस्वती' म्हणून हार घालणारेच आज शिव्या देऊ लागले.

बहिरेपण आणि वादावादी

दुसरा घाव शरीराचा होता. त्यांना ऐकू येणे कमी होत गेले आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न संपले. ज्यासाठी सात समुद्र ओलांडले तेच हातचे गेले! १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना मुलीसारखे आणि बरोबरीच्या विदुषीसारखेही वागवले.

तिसरा घाव मात्र आपल्याच माणसांचा होता. मठातल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. छोटी मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणे आणि रमाबाईही पत्रांत त्यांना प्रेमाने 'आजीबाई'च म्हणत. वाँटेजच्या मठात हा मराठी शब्द घुमत होता, हे वाचून मला फार गंमत वाटली. पण याच आजीबाईंशी त्यांची कडाक्याची भांडणे झाली. चर्च सांगेल ते नव्या ख्रिस्ती बाईने निमूट मानावे, ही सिस्टरांची अपेक्षा. रमाबाईंचे म्हणणे असे, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्याच्या जोखडात घालणार नाही. त्रिमूर्तीसारखा वाटणारा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. मांसाहार आणि अंडी त्यांनी अखेरपर्यंत नाकारली; सिस्टरांना तो जातीचा अभिमान वाटला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या लोकांना समजेल ते संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. मुलग्यांना किंवा पुरुषांना त्यांनी शिकवू नये, असा आक्षेप भारतातल्या बिशपांनी घेतला, तेव्हा त्यांनी लिहिले, की माझ्या वडिलांनी किंवा पतीने कधी घेतली नाही ती हरकत इंग्रज लोक घेतात, याचे नवल वाटते.

विचार करा. घरचे तुटलेले, इथले आश्रयदाते नाराज, हातात स्वतःचा पैसा नाही, ऐकू येत नाही, आणि मूल ज्यांच्याकडे सांभाळायला ठेवले आहे त्यांच्याशीच वाद! कोणीही दोन्हींपैकी एका बाजूला शरण गेले असते. पुण्याची माफी मागून परतणे सोपे होते, मठाला मान तुकवणे त्याहून सोपे. रमाबाईंनी दोन्ही केले नाही. देवावर विश्वास आहे म्हणूनच माणसांना प्रश्न विचारायला भ्यायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यांची श्रद्धा त्यांना टेकण्यापुरती भिंत देत होती; विचार मात्र त्या स्वतःच करत. ही सगळी पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती मुळात सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून, जुळवून ठेवली होती. भांडणाच्या पोटातही माया होती, ती अशी.

पुढची परीक्षा

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये मायदेशी परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन पुण्याला आल्यावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कित्येक मुलींना घरच्यांनी काढून नेले. हे आक्षेप घेणाऱ्यांचीही बाजू होती. दिलेला शब्द मोडला, अशी त्यांची भावना होती. रमाबाईंचे म्हणणे एवढेच, की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दारही लावून घेणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतः लहानपणी भुकेने तळमळलेली बाई दुष्काळाची बातमी ऐकून घरात कशी बसेल? प्लेगमुळे पुण्यात प्रवेश नाही, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. तीच 'मुक्ती'. १९०० नंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. नेमून दिलेल्या वर्गणीची हमी नव्हती. प्रार्थना, विहिरी, शेती, हातमाग आणि छापखाना यांवर संसार चालला.

१९०७ च्या आत्मकथनात त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षे लागली. एवढ्या मोठ्या बाईने हे कबूल करावे, यातच त्यांच्या श्रद्धेचा खरेपणा दिसतो.

हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. मुक्तीतल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. काम संपत आले असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वाँटेजच्या मठात वाढलेली ही लेक आईचा उजवा हात झाली होती. रमाबाईंनी तरीही काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. त्या दिवशी इथल्या चर्चमध्ये एका मराठी बाईचे नाव घेतले जाते. आपण महाराष्ट्र दिन १ मे ला साजरा करतो. आदल्या दिवशी मुलांना घेऊन वाँटेजला किंवा चेल्टनहॅमला एक चक्कर मारावी, असे मला मनापासून वाटते. मुले विचारतील, की ही बाई हिंदू की ख्रिस्ती, इंग्रजांची की आपली? त्यांना सांगावे, की तिलाही हे प्रश्न लोकांनी जन्मभर विचारले. आणि मग आजीबाईंची गोष्ट सांगावी.