क्रोम पिवळा : स्फटिकरचना आणि पत्रांचा पाठ

साहित्यकृतीच्या पाठाला इतिहास असतो, हे पाठचिकित्सेने फार पूर्वी मान्य केले आहे. चित्रातील रंगालाही असाच इतिहास असतो आणि तो त्याच्या स्फटिकरचनेत दडलेला असतो.

उरल पर्वतातील तांबड्या शिशाच्या खनिजाचे वर्णन योहान लेमान याने १७६६ मध्ये केले. त्याच खनिजात लुई निकोला व्होक्लँ याला १७९७ मध्ये नवे मूलद्रव्य सापडले. त्याच्या संयुगांच्या रंगवैविध्यामुळे 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. हे खनिज म्हणजे लेड क्रोमेट होय. पुढे ते कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांच्या हाती क्रोम पिवळा आला.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने एप्रिल १८८८ मध्ये आर्लहून भाऊ थिओकडे केलेल्या रंगांच्या मागणीत क्रोमचे तीन क्रमांक येतात. त्यांपैकी पहिला लिंबी आहे. वरवर पाहता हे केवळ छटेचे विशेषण वाटते. वास्तविक त्यामागे रचनाभेद आहे. शुद्ध लेड क्रोमेटचे स्फटिक एकनताक्ष असतात. फिकट लिंबी छटेसाठी क्रोमेटचा काही अंश काढून त्याजागी सल्फेट आणले जाई. सल्फेटचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले की समचतुर्भुजी रचना आढळू लागते, आणि हीच रचना प्रकाशात अधिक अस्थिर ठरते.

लेतित्सिया मोनिको, कोएन यान्सेन्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ग्रेनोबल येथील क्ष-किरणांच्या साहाय्याने व्हॅन गॉगच्या दोन चित्रांचे सूक्ष्म नमुने तपासले. प्रकाशामुळे षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये क्षपण होते व पिवळा तपकिरी पडतो, असे त्यांना आढळले. या क्षपणातून निर्माण होणाऱ्या पदार्थांत जलयुक्त क्रोमियम ऑक्साइडही आहे; हेच संयुग चित्रकार विरिडियन या हिरव्या रंगाच्या रूपाने स्वतंत्रपणे वापरीत असत.

आपल्या काळातील लोकप्रिय रंग टिकाऊ नाहीत, याची जाणीव व्हॅन गॉगला होती. काळ त्यांना सौम्य करील, म्हणून ते अधिक भडक लावावेत, असा त्याचा युक्तिवाद त्याच महिन्यातील पत्रात आढळतो. प्रत्यक्षात क्रोम पिवळा सौम्य न होता काळवंडत गेला. त्यामुळे त्याच्या पिवळ्याचे प्रतीक म्हणून विवेचन करणाऱ्या समीक्षकाने आज दिसणारा पृष्ठभाग मूळ संहितेसारखा गृहीत धरणे धोक्याचे आहे. पत्रांच्या अनुवादकाने 'लिंबी' हा शब्द अलंकार समजून सैल केला, तर मूळ रंगापर्यंत नेणारा एक लेखी पुरावाच नष्ट होतो.