धोत्रा : ओळख आणि उतारा

शंकराच्या पिंडीवर वाहिलेलें धोत्र्याचें फूल ज्यानें पाहिलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळाच. उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या कडेला हें झाड आपोआप उगवतें, आणि त्याचें कांटेरी फळ मुलें खेळावयास घेतात. वैद्याच्या पेटींतही त्याला पूर्वापार स्थान आहे. देवाचें, वैद्याचें आणि चोराचें असें हें तिघांचें झाड होय. त्याचा इतिहास पाहतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. या विषावर खरा उतारा सांपडण्याच्या कित्येक शतकें आधीं त्याची ओळख पटली होती. आणि उतारा हातीं आल्यावरही त्या ओळखीचें मोल रतिभर कमी झालें नाहीं.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत धोत्र्याचा एक प्रसंग आहे. घरच्या दासीनें मालकिणीस धोत्रा चारला आणि दागिने घेऊन ती पसार झाली. हें विष पोटांत गेलेला मनुष्य भ्रमिष्ट होतो, हंसत राहतो, आणि समोर आपली वस्तु कोणी उचलली तरी त्यास हरकत घेत नाहीं, असें ऑर्ता सांगतो. रोग्याला ओकारी करवावी, तीव्र बस्ती द्यावा, हे त्याचे उपाय होते. ते त्या काळाला शोभणारेच होते. परंतु ज्या हंसण्याला घरच्या माणसांनीं वेड किंवा बाहेरची बाधा मानलें असतें, त्यांत त्यानें विष पाहिलें, हें त्याचें खरें कौशल्य.

पुढें एकोणिसाव्या शतकांत ही ओळख न्यायालयाच्या दारीं आली. वाटसरूंशीं गोड बोलून, त्यांच्या अन्नांत धोत्र्याच्या बियांची पूड मिसळून लुटणारे ठग उत्तर हिंदुस्थानांतील रस्त्यांवर वावरत असत. बंगालमधील सर्जन नॉर्मन चीव्हर्स यांनीं १८५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत अशा प्रकारांची चर्चा केली आहे. धोत्र्याचें बीं आणि मिरचीचें बीं दिसण्यांत इतकें सारखें कीं, तीं वेगळीं ओळखण्याच्या खुणा या शास्त्राच्या विद्यार्थ्यांस आजही शिकवितात. रसायनशास्त्र जेथें थकत असे तेथें परीक्षक संशयित अन्नाचा अर्क मांजराच्या डोळ्यांत घालून पाहत. बाहुली विस्फारली कीं धोत्र्याचा संशय बळावे.

आणि हेंच झाड याच काळांत औषध म्हणूनही परदेशीं गेलें. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांच्याकडून धोत्र्याचा धूर दम्यावर घेण्याची देशी रीत १८०२ च्या सुमारास जनरल जेंट यांच्या हातून ब्रिटनमध्यें पोंचली. ज्या गुणानें श्वासनलिका सैल होते, त्याच गुणानें मात्रा वाढतांच तोंड कोरडें पडतें, घाम बंद होतो, अंग तापतें व लाल होतें, नाडी धांवूं लागते आणि बुद्धि ठिकाणावर राहत नाहीं. औषध व विष हीं येथें दोन द्रव्यें नव्हेत. मात्रेनें पडलेला तो भेद आहे.

खरा उतारा सांपडला तो दुसऱ्या एका विषांतच. पश्चिम आफ्रिकेंतील कॅलाबार प्रांतीं आरोपीला एक घेवड्यासारखें बीं खावयास देत. ओकून वांचला तर निर्दोष, मेला तर अपराधी. आमच्या स्मृतिग्रंथांतील विषदिव्याची आठवण व्हावी असाच हा न्याय. १८६४ सालीं प्राग येथें चुकून ॲट्रोपिन प्यालेल्या एका कैद्यावर लुडविग क्लाइनव्हॅक्टर यांनीं त्या बियाचा अर्क वापरला आणि गुण आला. ॲट्रोपिन हें धोत्र्यांतीलच एक विष. तें मज्जातंतूंच्या ज्या संदेशवाहक द्रव्याची वाट अडवितें, तेंच द्रव्य या बियांतील फायसोस्टिग्मिन वाढवितें. म्हणूनच एक विष दुसऱ्यास आंवरूं शकतें. मात्र तें हृदयावर नजर ठेवून रुग्णालयांतच द्यावयाचें औषध आहे. घरांत करून पाहण्याचा उपाय नव्हे.

तेव्हां घरच्या माणसांचें काम कोणतें? ऑर्तानें केलें तें पहिलें काम: ओळखणें. चाटण, काढा किंवा रानभाजी खाल्ल्यानंतर थोड्याच वेळांत कोणी असंबद्ध बोलूं लागला, हवेंतील नसलेल्या वस्तु पकडूं लागला, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि अंग तापूनही त्वचा कोरडीच राहिली, तर मांत्रिकाकडे न जातां तात्काळ रुग्णालय गांठावें. खाल्लेल्या पदार्थाचा उरलेला अंश, पान किंवा बीं बरोबर न्यावें आणि किती वाजतां खाल्लें तें सांगावें. ऑर्ताचा दुसरा उपाय मात्र आतां सोडावा. भान हरपलेल्यास मुद्दाम ओकावयास लावलें तर अन्न फुप्फुसांत जाऊन दुसराच घात होतो.

झाडपाल्याचें औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आजही सुशिक्षित घरांत सांपडते. धोत्र्याचा इतिहास तिला साक्ष देत नाहीं. विष प्यालेला मनुष्य स्वतःविषयीं खरें सांगूं शकत नाहीं; तो नुसता हंसतो. त्या हंसण्याचा अर्थ जवळच्या माणसालाच लावावा लागतो, आणि तो वेळेवर लागला तरच उताऱ्याचा उपयोग.