घसरणारा गिअर

मोटारीचें इंजिन जोरानें ओरडतें, पण गाडी त्या मानानें पुढें सरकत नाहीं. चढावर तर ती जागच्या जागीं दम खाऊं लागते. स्वयंचलित गिअरच्या जुन्या मोटारींत पुष्कळदां दिसणारा हा विकार आहे. "गिअर घसरतो" एवढें बोलून कारागीर मोकळा होतो. परंतु या घसरण्यामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे उपायहि शहाणपणानें करतां येतो.

वाफेचें यंत्र उभ्या जागेवरून जोर लावूं शकतें. पेट्रोलच्या इंजिनाला तें साधत नाहीं; आधीं स्वतः फिरत राहिल्यावांचून त्याच्या अंगीं बळ येत नाहीं. फिरतें इंजिन आणि स्थिर चाकें यांची गांठ एकदम घातली तर इंजिन बंदच पडेल. म्हणून दोहोंच्यामध्यें कांहीं तरी घसरावें लागतें. घसरणें हा मूळचा दोष नव्हे, ती गरज आहे. प्रश्न एवढाच, कीं घसरावयाचें कोणीं आणि केव्हां?

१९०४ सालीं बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनीं हें काम चालकाकडून काढून यंत्राकडे देऊन पाहिलें. वेग वाढला कीं फिरतीं वजनें बाहेर फेकलीं जावीं आणि गिअर आपोआप बदलावा, अशी त्यांची योजना; पण तीं वजनें टिकलीं नाहींत. १९०८ सालीं आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत ग्रहमालेप्रमाणें फिरणारीं दांतेरी चाकें होतीं आणि त्यांच्या ढोलांवर आवळणारे पट्टे होते. ते आवळावयाचे पायानें. पट्ट्याचें अस्तर झिजलें कीं गाडी चढावर घसरे. पण मालकाच्या पावलाला तें आधीं कळे, आणि तो स्वतःच पट्टा आवळी. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या.

पुढची वाट समुद्रावरून आली. त्या वेळच्या जर्मनींतील स्टेटिन येथील 'व्हल्कन' गोदींत काम करणाऱ्या हेर्मान फ्योटिंगर यांनीं १९०५ सालीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. जहाजाचें टर्बाइन फार वेगानें फिरे, आणि पंख्याला तर मंद गति हवी. या दोहोंमध्यें त्यांनीं द्रव खेळविला. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तरी वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो, तसेंच हें. द्रव घसरला तरी पट्ट्यासारखा झिजत नाहीं; तो तापतो मात्र.

हीच कल्पना घेऊन १९३९ च्या अखेरीस जनरल मोटर्सनें ओल्डस्मोबाईल गाडींत 'हायड्रा-मॅटिक' गिअर आणला. अर्ल थॉम्प्सन हे त्या कामाचे प्रमुख होते. सुरुवातीची जादा किंमत अवघी ५७ डॉलर. क्लचचें पेडल नाहींसें झालें. परंतु तेलाच्या मागें 'मॉडेल टी'चेच वंशज राहिले: ग्रहमालेचे गिअर, पट्टे आणि क्लचच्या चकत्या. फरक एवढाच, कीं त्यांना आवळणारें पाऊल गेलें आणि तेलाचा दाब आला.

दुसऱ्या महायुद्धांत हाच गिअर अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यांत बसला. युद्धानंतर त्याचें मोल आणखी एका परीनें कळून आलें. १९४६ सालीं अमेरिकन सरकारनें युद्धांत पाय गमावलेल्या सैनिकांना मोटारीसाठीं १,६०० डॉलरपर्यंत साहाय्य देऊं केलें. डावा पाय नसलेल्या माणसाला या गिअरनें पुन्हां रस्ता मोकळा केला. अशा माणसाच्या गाडीचा गिअर घसरूं लागला, तर ती गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाहीं. त्याचा दुसरा पायच जातो.

आतां विकाराचें मर्म ध्यानांत येईल. तेलानें घसरावें, चकत्यांनीं व पट्ट्यांनीं घसरूं नये. तेल कमी झालें, रबरी सीलें कडक झालीं वा पंप थकला, कीं दाब उतरतो आणि चकत्या निसटतात. निसटल्या कीं तापतात. तापल्या कीं तेल जळतें, सीलें अधिकच कडक होतात, आणि दाब आणखी उतरतो. या तेलाची घडणहि नाजूक आहे. चकत्यांची पकड गुळगुळीत व्हावी म्हणून त्यांत पूर्वीं स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल घालीत. १९७० नंतरच्या बंदीमुळें उत्पादकांना त्याची जागा घेणारीं द्रव्यें शोधावीं लागलीं.

म्हणून गिअर घसरूं लागतांच प्रथम तेल पाहावें. बहुतेक जुन्या गाड्यांत तें सपाट जागीं, गाडी तापलेली व इंजिन चालू असतां पट्टीनें मोजतात. गाडीबरोबरचें पुस्तक सांगेल तसें करावें. ताजें तेल बहुधा तांबडें असतें. तें नुसतें कमी असेल तर योग्य जातीचें घालावें आणि गळती शोधावी. अधिक घातल्यास फेंस होऊन घसरण वाढते. कांहीं गाड्यांत पट्टा आवळण्याचा स्क्रू बाहेरूनच हातीं लागतो. तो मापानेंच आवळावा. परंतु तेल तपकिरी होऊन त्याला करपट वास येत असेल, तर चकत्या जळल्या असें समजून गाडी चालविणें थांबवावें. "आणखी थोडे दिवस चालेल" या आशेवर काढलेला प्रत्येक मैल दुरुस्तीचा खर्च वाढवितो.

'मॉडेल टी'च्या मालकाला पाऊल इशारा देई. या गिअरनें पायाचें काम घेतलें, पण कानाचें आणि नाकाचें काम अद्याप आपल्याकडेच आहे.