लुगडे कोणी नेसवले?

आमच्या वस्तीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक जोगता यायचा. हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, काखेत चौंडके, हातात परडी. आई परडीत जोंधळ्याचे पीठ घालायची आणि त्याच्या पाया पडायची. तो वळला की आम्ही पोरे टाळ्या पिटत मागे लागायचो. खडेही मारायचो. लग्नाच्या पंगतीत मात्र त्याचे पान वेगळे, गोठ्याच्या कडेला. आम्ही गावाच्या पंगतीबाहेरची माणसे. पण आमच्याही पंगतीबाहेर एक माणूस बसला होता, हे मला तेव्हा दिसले नाही.

२००९ साली आलेला राजीव पाटील यांचा 'जोगवा' पाहताना तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेचा या चित्रपटाला आधार आहे. तायप्पाच्या लघवीतून रक्त जाते. मुतखडा, जंतुसंसर्ग अशा कारणांनी असे होऊ शकते. त्यावर दवाखाना हा उपाय आहे. पण गाव त्यात देवीचा कौल वाचते आणि धडधाकट तरुणाला लुगडे नेसवते. सुलीच्या केसांत जट होते. केस न विंचरल्याने, न धुतल्याने जे होते, तेही देवीचे बोलावणे ठरते. घरातून तुटलेली ही दोन माणसे एकमेकांत आधार शोधतात. देवाला वाहिलेल्या देहांना प्रेमाचा अधिकारच नाही, असे ज्या व्यवस्थेने ठरवले, तिच्याविरुद्ध त्यांचे प्रेम उभे राहते. उपेंद्र लिमये यांना या तायप्पासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही 'जोगवा'ला मिळाला.

या प्रथेविरुद्धचा झगडा जुना आहे आणि तो प्रथम आपल्याच माणसांनी केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळ्या सोडण्याच्या चालीवर हल्ला चढवला. १९२० साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. १६ जून १९३६ रोजी मुंबईत देवदासी, पोतराज, आराधी, जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जिणे टाकून द्या, असे बजावले. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली आणि चळवळीला नवे बळ आले.

मात्र कायद्याची भाषा तपासली पाहिजे. मुंबई इलाख्याचा १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आणि कर्नाटकाचा १९८२ चा कायदा, दोन्हींनी देवाला सोडलेल्या स्त्रीचाच विचार केला. ते आवश्यकच होते. लैंगिक शोषणाचा भार तिच्यावर होता आणि त्यात आपल्या लेकी सर्वाधिक भरडल्या गेल्या. पण तायप्पासारखा पुरुष त्या व्याख्येत बसत नव्हता. सौंदत्तीच्या डोंगरावर रांडाव पुनवेला आणि अहेव पुनवेला जोगतिणीच्या शेजारी जोगताही उभा असे. कायद्याला तो दिसला नाही.

आणि आम्हा कार्यकर्त्यांना? इथे मला स्वतःबद्दल सांगितले पाहिजे. गडहिंग्लजच्या परिषदेनंतर आम्ही काही तरुण गावोगाव फिरत होतो. जटा कापत होतो, देवीचे जग पाण्यात सोडायला सांगत होतो. एका गावात चाळिशीचा एक जोगता आमच्या सभेला आला. त्याने परडी आमच्या स्वाधीन केली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि एकाने त्याच्यापुढे धोतर-सदरा धरला. तो मागे सरकला. म्हणाला, "देवीला सोड म्हन्ला, सोडली. ह्ये लुगडं कुणी नेसवल्यालं न्हाई मला. ह्ये सोडून मी कुणाचं तोंड घिऊन जगू?" आमच्यापैकी कोणी हसले. मीही हसलो. परडी आमच्यापाशीच राहिली आणि तो अंधारात निघून गेला. पुढे तो मला कधी भेटला नाही.

तायप्पाची मुक्ती लुगडे झुगारण्यात आहे, कारण ते लुगडे गावाने बळजोरीने त्याच्या अंगावर घातले. पण आमच्या सभेला आलेल्या त्या माणसाची मुक्ती आम्हीच बळजोरीने धोतरात कोंबू पाहत होतो. मग गावात आणि आमच्यात फरक तो काय उरला? त्याच्यासारख्याला जगात एकच दार उघडे होते, ते यल्लम्माचे. आत गेले तर पाया पडणारे लोक मिळत आणि बाईसारखे वागायची मुभा मिळे. किंमत म्हणून आयुष्यभराची भीक. धर्माने त्याला जागा दिली, माणूसपण दिले नाही. आम्ही ती जागा काढून घेतली, आणि माणूसपण द्यायचे आम्हीही विसरलो.

१५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्यात जोगता आणि जोगप्पांचा उल्लेख आहे. माणसाने आपली लिंगओळख स्वतः ठरवावी, हे त्या निकालाचे सार. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती यांनी जोगती नृत्याची कला मंचावर नेली. त्या राज्याच्या जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांना पद्मश्रीही मिळाली. मात्र एका मंजम्माच्या सन्मानाने दारोदार जोगवा मागणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न सुटत नाही. शिक्षण, धंदा, राहायला घर, दवाखान्यात माणसासारखी वागणूक, हे सारे अजून झगडून मिळवायचे आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी 'जोगवा' जरूर पाहावा. पाहताना तायप्पाच्या बाजूने उभे राहावे, आणि ज्याच्यावर असा चित्रपट निघाला नाही त्या दुसऱ्या जोगत्यालाही विसरू नये. दोघांसाठी कसोटी एकच आहे : अंगावरचे वस्त्र कोणी ठरवले? गावाने, देवीने, चळवळीने, की त्याने स्वतः? बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकवला. तो फक्त आपल्या मापाच्या माणसांसाठी राखून ठेवला, तर आपणही गोठ्याच्या कडेला कुणाचे तरी पान मांडणारच. माझ्या हातून एकदा ते मांडले गेले आहे, म्हणून हे लिहिले.